कोलाडचं पाणी आणि आमच्या गावचा बंधारा

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी आम्हाला होतं, पण 'सेकंड लँग्वेज' म्हणून, आणि निबंध लिहायचा तो गाईडमधला पाठ करून! त्यामुळे मराठी विभाग बघणाऱ्या मॅडम "तू लिही गं यंदा" म्हणाल्या तेव्हा मी "इंग्लिश सेक्शनला देते ना मॅडम" असं म्हणून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "ते मेसमध्ये बसून कोण वाचतं?" तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि पुढे वाचा.

गेल्या डिसेंबरात पाचव्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर झाला आणि आम्ही नऊ जण (पाच मुली, चार मुलं) कोलाडला राफ्टिंग करून आलो. परत आल्यापासून हॉस्टेलमध्ये तेच तीन प्रश्न विचारले जातात. भीती वाटली का? पोहता येत नसेल तर चालतं का? आणि बोट उलटली तर? या तिन्हींची उत्तरं पुढे येतीलच. पण खरं सांगायचं तर हा लेख मी त्यासाठी लिहीत नाहीये. कोकणातल्या त्या नदीत मला एक गोष्ट कळली, जी आपल्या गोदावरीवर, मांजरेवर, पैनगंगेवर जास्त कामाची आहे. ती सगळ्यांना सांगावी म्हणून हा खटाटोप.

मम्मीचं 'नाही'

मी लातूरची. आमच्याकडे पाण्याची भीती म्हणजे पाणी नसण्याची भीती. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी प्रायमरीत होते. पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी करू नये म्हणून १४४ कलम लागलं होतं. अशा गावच्या मुलीने 'पाण्यात खेळायला जाते' म्हणावं, हे ऐकूनच शेजारच्या काकू हसल्या होत्या.

मम्मी मात्र हसली नाही. ती सरळ 'नाही' म्हणाली. त्याला कारण होतं.

ऑक्टोबर २०२०. लॉकडाऊनमुळे शाळा मोबाईलवर, म्हणून आम्ही मामाच्या गावी जाऊन राहिलो होतो. गाव मांजरेकाठी. नदीवर कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा आहे. पावसाळा संपत आला की त्याला बरगे टाकतात, म्हणजे खांबांमधल्या खाचांत फळ्या बसवून पाणी अडवतात. त्या वर्षी बरगे टाकले आणि वरून परतीचा पाऊस कोसळला. पाणी बंधाऱ्यावरून या काठापासून त्या काठापर्यंत एका सरळ रेषेत पडू लागलं. दिसायला इतकं छान, की गावातली पोरं फोटो काढायला जायची.

माझा मामेभाऊ तेव्हा २२ वर्षांचा होता. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला, पुढे पुलावरून उड्या टाकणारा. तो बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला मासे धरायला उतरला. पाणी छातीएवढं. पडत्या पाण्याच्या जवळ गेला आणि पाय सुटले. काठावरची माणसं सांगत होती, की तो तीन-चार वेळा वर आला. पण दर वेळी पुढे वाहून जायच्या ऐवजी उलटा भिंतीकडे ओढला गेला. मग वर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सापडला तो त्याच जागी, भिंतीपासून दहा-पंधरा फुटांवर.

आज्जी म्हणाली, "आसरांनी नेलं गं माझ्या लेकराला." आपल्याकडे नदीकाठी, डोहाकाठी शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्या साती आसरा. त्या माणसाला पाण्यात ओढतात असं जुनी माणसं मानतात. मी कॉन्व्हेंटवाली, मला ते पटलं नाही. पण दुसरं उत्तरही माझ्याकडे नव्हतं. नदी तर खालच्या दिशेला वाहते. मग माणूस वरच्या दिशेला ओढला कसा जातो? पुढे मी सिव्हिलला ॲडमिशन घेतली, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये चांगल्या मार्कांनी पास झाले, तरी या प्रश्नाचं उत्तर मला सुचलं नव्हतं.

शेवटी पप्पांनी मध्यस्थी केली. "लाईफ जॅकेट काढणार नाही आणि गाईडचं ऐकेन" असं देवासमोर कबूल करून मी नांदेड-पनवेल एक्स्प्रेसमध्ये चढले.

वेळापत्रकावर चालणारी नदी

कोलाड हे रायगड जिल्ह्यातलं गाव, मुंबई-गोवा हायवेवरचं. तिथली नदी कुंडलिका. ती सह्याद्रीत उगम पावते, रोह्यावरून जाते आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. दोन्ही बाजूंना झाडी, मध्ये अरुंद पात्र, वर डोंगर. राफ्टिंगचा पट्टा साधारण बारा किलोमीटरचा, वेळ दोन-अडीच तास.

आता गंमत बघा. कोकणातल्या बहुतेक नद्या डिसेंबरपासून आटायला लागतात. मग कुंडलिकेत मे महिन्यातसुद्धा राफ्टिंग कसं चालतं? कारण तिथलं पाणी पावसाचं असलं, तरी येतं ते वीजकेंद्रातून.

घाटाच्या वर, पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर मुळशी धरण आहे. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला होता. तरीही धरण झालं. मुळशीचं पाणी डोंगर ओलांडून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजकेंद्रात सोडलं जातं. टाटांचं हे केंद्र १९२७ मध्ये सुरू झालं. पाणी सुमारे ५०० मीटर खाली उतरतं आणि पेल्टन टर्बाइन फिरवतं. तेच पाणी पुढे रवाळज्याच्या सरकारी केंद्रात पुन्हा एकदा वीज तयार करतं आणि मग कुंडलिकेत येतं. जलविद्युत केंद्राचा मोठा गुण म्हणजे ते पटकन सुरू करता येतं, पटकन बंद करता येतं. म्हणून विजेची मागणी वाढते त्या वेळेला ते चालवतात. सकाळी पाणी सुटतं, नदी फुगते, राफ्ट निघतात. पाणी बंद झालं की दुपारी त्याच जागी दगड उघडे! कर्नाटकात दांडेलीजवळ काळी नदीवरचं राफ्टिंगही असंच, सुपा धरणाच्या खाली चालतं.

आम्ही सकाळी काठावर पोचलो तेव्हा पात्रात मोठमोठे खडक दिसत होते. मी मनात म्हटलं, यात काय बोट चालणार? चहा होईपर्यंत त्यातले निम्मे खडक दिसेनासे झाले. पाऊस नाही, ढग नाही, आवाज नाही, आणि नदी चढली. ही पहिली शिकवण. कोणत्याही धरणाच्या किंवा बराजच्या खाली नदी कोरडी दिसली म्हणून मध्ये जाऊन बसायचं नाही. दारं उघडली की पाणी आभाळाकडे बघून येत नाही.

तिथेच बसून मी मोबाईलवर एक हिशोब केला. भिऱ्यातला जुना एक संच २५ मेगावॅटचा. हेड ५०० मीटर आणि कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर त्याला सेकंदाला सुमारे ६ घनमीटर, म्हणजे ६ हजार लिटर पाणी लागतं. २०१६ ला लातूरला आलेल्या पहिल्या पाणीगाडीला १० वाघिणी होत्या, पाणी सुमारे ५ लाख लिटर. म्हणजे ज्या गाडीचं स्वागत करायला आमचं गाव स्टेशनवर लोटलं होतं, तेवढं पाणी तो एक संच ८३ सेकंदांत पिऊन टाकतो! आणि मुळा ही शेवटी भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातली नदी, लातूरला मिरजेहून आलेलं पाणीही कृष्णेचंच. यात कोण बरोबर, कोण चूक हे मला सांगता येणार नाही. मुंबईची लोकल आणि दिवे त्या पाण्यावर चालत आले आहेत. पण उत्तर काढल्यावर मी थोडा वेळ गप्प बसले, एवढं खरं.

तयारी

आता पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं. भीती वाटली, भरपूर वाटली. आणि पोहता येत नसेल तरी चालतं. मला येत नाही. नदीच्या कठीणपणाची जगभर एक ते सहा अशी श्रेणी आहे. एक म्हणजे नुसतं हलतं पाणी आणि सहा म्हणजे जवळजवळ अशक्य. कुंडलिका दोन ते तीनमध्ये बसते, म्हणून नवख्या माणसाला नेता येतं. पण तीन गोष्टी पक्क्या हव्यात.

पहिली, लाईफ जॅकेट. ते नुसतं घालून चालत नाही. सगळे पट्टे आवळल्यावर गाईडने खांद्याला धरून वर ओढलं तर ते कानापर्यंत यायला नको. आमच्यातल्या एकाने 'फोटोत जाड दिसतो' म्हणून पट्टा ढिला ठेवला होता. गाईडने तो इतका आवळला की त्याचा आवाज बदलला!

दुसरी, हेल्मेट. कारण पाण्यात बुडण्याआधी दगडावर डोकं आपटण्याची भीती जास्त.

तिसरी, वल्हं धरण्याची पद्धत. वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी 'टी'सारखी मूठ असते. तिच्यावरचा हात काढायचाच नाही. हात सुटला की ती मूठ शेजारणीच्या दातावर बसते.

राफ्ट म्हणजे हवा भरलेली रबरी होडी. तिचे हवेचे कप्पे वेगवेगळे असतात, एक फुटला तरी बाकीचे तरंगतात. तळाच्या कडेने भोकं असतात, त्यातून आत आलेलं पाणी आपोआप बाहेर जातं. गाईड मागे बसतो आणि हुकूम सोडतो. फॉरवर्ड, बॅकवर्ड, स्टॉप, गेट डाऊन. बस्स. आणि एक उलटा वाटणारा नियम. राफ्ट खडकाला आडवी अडकली तर घाबरून खडकापासून लांब सरकायचं नाही, खडकाच्या बाजूला झेप घ्यायची. आपण लांब सरकलो तर वरून येणारं पाणी राफ्टची मोकळी कड दाबतं आणि राफ्ट उलटते.

बरोबर एक कयाकवाला होता. कयाक म्हणजे एका माणसाची लांबट निमुळती होडी. कमरेला 'स्कर्ट' बांधून आत पाणी येणार नाही अशी सोय असते. कयाक उलटली तर माणूस पाण्याखालून वल्ह्याचा आणि कमरेचा झटका देऊन पुन्हा सरळ होतो. त्याला 'रोल' म्हणतात. तो पुढे जाऊन थांबायचा आणि कोणी पडलं तर उचलायचा.

पाणी वाचायचं कसं

आमचा गाईड तिथल्याच एका वाडीतला, आमच्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. पहिल्या रॅपिडच्या आधी (रॅपिड म्हणजे नदीचा उताराचा, खळाळता पट्टा) त्याने राफ्ट काठाला लावली आणि म्हणाला, "ताई, वल्हं कोणीपण मारतं. पाणी वाचता आलं पाहिजे." त्याने जे सांगितलं ते माझ्या भाषेत देते.

एक. पात्र अरुंद झालं की पाण्याचा वेग वाढतो. हे आपल्याला माहीत आहे, डिस्चार्ज म्हणजे क्षेत्रफळ गुणिले वेग. पण वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, हे पायाला कळतं. गुडघ्याच्या वरपर्यंत पाण्यात उभं राहिलात आणि वेग सेकंदाला एक मीटर असेल, तर पायांवर साधारण पाच-सहा किलोचा रेटा येतो. वेग तीन मीटर झाला तर तोच रेटा पन्नास किलोच्या आसपास जातो. म्हणून 'गुडघाभर तर पाणी आहे' हे वाक्य खोटं आहे. किती खोल याच्याबरोबर किती वेगात, हेही विचारायला पाहिजे.

दोन. पाण्याच्या पृष्ठभागावर इंग्रजी 'व्ही'चा आकार दिसतो. त्याचं टोक खालच्या दिशेला असेल तर ती दोन खडकांमधली मोकळी वाट. टोक तुमच्याकडे, म्हणजे वरच्या दिशेला असेल तर तिथे पाण्याखाली खडक लपलेला आहे.

तीन. मोठ्या खडकाच्या मागे पाणी शांत असतं, उलट थोडं वरच्या दिशेला वाहतं. त्याला 'एडी' म्हणतात. कयाकवाले तिथे गाडी पार्क केल्यासारखे थांबतात. म्हणजे नदीत वरच्या दिशेला वाहणारं पाणीसुद्धा असतं! हे ऐकल्यावर मी सावध झाले.

चार. पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाय दोन दगडांच्या मध्ये अडकला तर मागून येणारं पाणी माणसाला तोंडावर पालथं पाडतं, मग छातीभर पाण्यातही वर येता येत नाही. पाठीवर झोपायचं, पाय खालच्या दिशेला, बोटं पाण्याच्या वर. पायांनी दगड ढकलायचे आणि हळूहळू काठाकडे सरकायचं. आडवं पडलेलं झाड, फांद्या, तारा, जाळी दिसली तर मात्र जिवाच्या आकांताने लांब जायचं. तिथून पाणी गाळून निघतं आणि माणूस चहापत्तीसारखा अडकतो.

पाच. 'होल'. पाणी एखाद्या खडकावरून खाली पडतं, त्याच्या पायथ्याशी खड्डा पडतो आणि तो भरायला पुढचं पाणी उलटं मागे येतं. पांढरा फेस जागच्या जागी फिरत असतो. त्याने लांबून एक दाखवला आणि म्हणाला, "हा सोडतो. बाजूनं वाट आहे. पण वर सरळ भिंत असली ना, तर सोडत नाही. आम्ही बंधाऱ्याजवळ राफ्ट कधीच नेत नाही."

माझ्या हातातलं वल्हं तसंच राहिलं. मी विचारलं, "म्हणजे माणूस भिंतीकडे ओढला जातो?" तो म्हणाला, "हो ताई. परत परत. पोहणारा असला तरी."

पुढची दहा-बारा रॅपिड्स मी केली. ओरडले, भिजले, एकदा राफ्टमध्ये आडवी पडले. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, आमची राफ्ट उलटली नाही, पण दोघं पाण्यात पडले. एकाला कयाकवाल्याने उचललं आणि दुसऱ्याला गाईडने पिशवीतली दोरी फेकून ओढलं. शेवटी शांत पाण्यात कयाक चालवायला दिली, ती सरळ जाण्याऐवजी गोल गोल फिरली. सगळं मजेशीर होतं. पण माझं डोकं त्या बंधाऱ्यापाशीच होतं.

लॅबमधलं बूच

कॉलेज सुरू झालं आणि मी फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये गेले. तिथे काचेच्या भिंतींचा लांब पन्हाळ आहे, टिल्टिंग फ्ल्यूम. त्यावर आपण सगळ्यांनी हायड्रॉलिक जंपचं प्रॅक्टिकल केलेलं आहे. उथळ, वेगवान पाणी एकदम खोल, संथ पाण्याला भिडलं की तिथे उसळी येते, भोवरे होतात आणि पाण्याची शक्ती खर्ची पडते. वेग भागिले, जी गुणिले खोलीचं वर्गमूळ, हा फ्रूड नंबर. तो एकाच्या वर असेल तरच जंप होतो. रीडिंग घ्यायचं, ग्राफ काढायचा, जर्नलवर सही, विषय संपला! धरणाच्या सांडव्याखाली हा जंप आपण मुद्दाम घडवतो, नाहीतर पाणी पायाच उकरून टाकेल.

पण एक गोष्ट सरांनी तेव्हाच दाखवली होती आणि आम्ही "परीक्षेला येतं का सर?" म्हणून सोडून दिली होती. खालच्या बाजूच्या पाण्याची पातळी वाढवली तर जंप मागे सरकत सरकत भिंतीला चिकटतो आणि बुडतो. याला सबमर्ज्ड जंप म्हणतात. वरून पडणारं पाणी तेव्हा तळाशी बुडी मारून खालून पुढे निघून जातं. आणि पृष्ठभागावरचं पाणी? ते उलटं भिंतीकडे येतं. तिथे पडत्या पाण्याखाली दाबलं जातं, तळाशी जातं, थोडं पुढे वर येतं आणि पुन्हा भिंतीकडे. रहाटगाडग्यासारखं.

मी लॅब असिस्टंट काकांना विनंती करून फ्ल्यूममध्ये छोटी भिंत बसवून घेतली, पाणी सोडलं आणि पुढच्या बाजूला बाटलीचं बूच टाकलं. बूच वाहून जायला हवं होतं. ते उलटं आलं, भिंतीखाली गेलं, वर आलं, परत भिंतीकडे. दहा मिनिटं मी बघत उभी होते. ते तिथून सुटलं नाही. काका म्हणाले, "काय झालं गं, रडायला काय झालं?"

आता नीट सांगते, कारण हाच या लेखाचा मुद्दा आहे. खडकाळ नदीतलं होल वाकडंतिकडं असतं, त्याला बाजूने वाट असते. माणसाने बांधलेला बंधारा सरळ आणि एका पातळीत असतो, या काठापासून त्या काठापर्यंत. म्हणून फिरणारं पाणीही काठापासून काठापर्यंत, बाजूने सुटायला जागाच नाही. शिवाय त्या फेसात हवा मिसळलेली असते, त्यामुळे ते पाणी माणसाला नेहमीसारखं उचलून धरत नाही, लाईफ जॅकेटसुद्धा कमी पडतं. पोहणारा माणूस स्वाभाविकपणे पृष्ठभागावर हातपाय मारतो आणि पृष्ठभागच त्याला मागे नेतो. आणि हे सगळं वरून कसं दिसतं? उंची जेमतेम पुरुषभर, आवाज थोडा, पाण्याची गुळगुळीत चादर. सहस्रकुंडचा पैनगंगेचा धबधबा बघून माणूस आपसूक मागे सरतो. छोट्या बंधाऱ्याकडे बघून पुढे जातो. गर्जणारं पाणी निदान सांगून घाबरवतं, हे सांगतही नाही.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर खालच्या बाजूला पडत्या पाण्याजवळ उतरायचं नाही आणि वरून चालतही जायचं नाही. फेसाच्या पुढे एक रेषा दिसते, जिथे पाणी उकळल्यासारखं वर येतं. तिच्या अलीकडचं पाणी भिंतीकडे जातं, पलीकडचं खाली. त्या रेषेच्या अलीकडे कोणी अडकलं तर वाचवायला उडी मारायची नाही. उडी मारणाराही त्याच चक्रात जातो. दोरी फेका, लांब बांबू द्या, रिकामा बंद डबा दोरीला बांधून टाका, ११२ ला फोन लावा. स्वतः अडकलात तर पृष्ठभागावर झगडण्यापेक्षा श्वास घेऊन, अंग आवळून पाण्याबरोबर तळाशी जायचं, म्हणजे तळाचा प्रवाह पुढे नेण्याची शक्यता असते. पण हा अगदी शेवटचा उपाय, भरवशाचा नाही. भरवशाचा उपाय एकच, तिथे न उतरणं.

संक्रांतीला

संक्रांतीला मी मामाच्या गावी गेले. दादाचा जिवलग मित्र त्या दिवशी काठावर होता. तो उडी मारायला निघाला होता, पण दोघा-तिघांनी त्याला मिठी मारून धरून ठेवलं. तेव्हापासून तो नदीकडे फिरकला नव्हता आणि मामीसमोरही फारसा येत नसे. मी त्याला बंधाऱ्यावर घेऊन गेले आणि मातीत काडीने तो फिरणारा गोल काढून दाखवला. त्याने सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजे मी उडी टाकली असती तरी उपेग नव्हता म्हण की."

मी म्हटलं, "दोघंही गेला असतात."

"आन् दोरी असती तर?"

याला खोटं उत्तर देणं मला जमलं नाही. मी म्हटलं, "असती तर, कदाचित."

दुसऱ्या दिवशी तो बाजारातून साठ फूट नायलॉनची दोरी आणि बुचाचा रिकामा पाच लिटरचा डबा घेऊन आला. ती दोरी आता बंधाऱ्याजवळच्या मारुतीच्या देवळात खुंटीला टांगलेली आहे. आम्ही भिंतीवर लाल रंगाने बोर्डही रंगवला. अक्षर माझं, म्हणून जरा इंग्रजी वळणाचं आलंय. 'पाणी वरून वाहत असताना खाली उतरू नका. पोहणाऱ्यालाही हे पाणी सोडत नाही. उडी मारू नका, दोरी फेका.'

आज्जीला मी सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "तेच की गं. आसराच म्हण." आणि बोर्डाखाली हळदीकुंकू वाहून आली. मी काही बोलले नाही. ज्या जागी जाऊ नये तिथे शेंदूर लावून ठेवणारी जुनी माणसंही आपल्या परीने बोर्डच रंगवत होती, असं मला आता वाटतं. त्यांना कारण माहीत नव्हतं, आपल्याला आहे. मग आपण तरी गप्प का बसायचं?

तेव्हा कोलाडला जरूर जा. जॅकेट आवळा, गाईडचं ऐका, मनसोक्त ओरडा. पण त्याआधी एकदा लॅबमध्ये जाऊन फ्ल्यूममध्ये बूच टाकून बघा. आणि सुट्टीत घरी जाल तेव्हा आपल्या गावच्या बंधाऱ्याजवळ एक दोरी आहे का, तेवढं बघून या.

(थर्ड इयर, सिव्हिल)